एक मृत्यू, अनेक खिडक्या : नियम सोपे झाले, पण कुटुंबाची वाट अजून लांबच

नवी दिल्ली : देशातील बँकांमध्ये ३० जून २०२५ रोजी ६७ हजार कोटी रुपयांहून अधिक ठेवी दावेदाराविना पडून होत्या. दहा वर्षे कोणताही व्यवहार न झालेल्या खात्यांतील ही रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. ही माहिती केंद्र सरकारनेच संसदेत दिली. यातील काही खाती विस्मरणाने निष्क्रिय झाली, काही स्थलांतरामुळे मागे राहिली. खातेदार गेला आणि घरच्यांना त्या खात्याचा पत्ताच नव्हता, किंवा पत्ता असूनही कागदपत्रांच्या फेऱ्यांना कंटाळून त्यांनी दावा सोडून दिला, हेही यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयावर केंद्र सरकार आणि नियामक संस्था यांनी बरेच निर्णय घेतले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला, बँक खात्यावरील नामनिर्देशनाचे नियम बदलले, मृत खातेदारांचे दावे निकाली काढण्यासाठी मुदत आणि दंड ठरला. प्रत्येक खिडकीवरचे काम सुलभ होत आहे. मात्र खिडक्यांची संख्या कमी झालेली नाही. एकाच मृत्यूची खबर बँक, विमा कंपनी, भविष्य निर्वाह निधी कार्यालय, तलाठी कार्यालय, प्राप्तिकर विभाग आणि परिवहन कार्यालय यांना स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि ती देण्याची जबाबदारी बहुधा घरातील अशा व्यक्तीवर येते जिने त्या आधी हे व्यवहार कधी पाहिलेले नसतात. २०२१ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली. यावरून हा प्रश्न किती घरांचा आहे याची कल्पना येते.

पहिले एकवीस दिवस

पुढील सर्व कामांचा पाया मृत्यूचा दाखला हा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे देणे बंधनकारक आहे. मृत्यू रुग्णालयात झाला असल्यास ही जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला असल्यास कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने खबर द्यावी लागते. २१ दिवस उलटल्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यास प्रकरण दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने यात दोन उपयुक्त बदल केले. नोंदणीनंतर सात दिवसांच्या आत खबर देणाऱ्यास दाखला विनामूल्य मिळाला पाहिजे. तसेच मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवताना त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही देणे वैद्यकीय संस्थेवर बंधनकारक झाले. विमा कंपन्या मृत्यूचे कारण विचारतात, म्हणून ही प्रत जपून ठेवणे महत्त्वाचे आहे. प्रत्यक्षात मात्र २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी एक-चतुर्थांशाहून कमी मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांची एका बाबतीत वारंवार गल्लत होते. मृत्यूची नोंद मूळ गावी होत नाही. जेथे मृत्यू झाला तेथेच ती होते. सुरत किंवा हैदराबाद येथे निधन झाले आणि अंत्यसंस्कार कोल्हापूरला झाले, तरी दाखला सुरत किंवा हैदराबाद येथूनच मिळतो. परराज्यातील नोंदवहीत मराठी नावाची मांडणी बदलण्याचीही शक्यता असते. वडिलांचे किंवा पतीचे नाव गळते, आडनाव पुढे येते, इंग्रजी अक्षरे वेगळी पडतात. बँक आणि विमा कंपनी आधार व पॅनवरील नावाशी दाखला ताडून पाहतात, त्यामुळे एका अक्षराच्या फरकाने दावा अडू शकतो. दाखला हाती येताच नाव, तारीख आणि पत्ता तपासून चूक असल्यास त्याच निबंधकाकडे दुरुस्ती मागणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे. गावी परतल्यावर हेच काम महाग पडते.

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत पोलीस पंचनामा, प्रथम माहिती अहवाल आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती तितक्याच आवश्यक असतात. अपघात विमा आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातील भरपाई या दोन्ही गोष्टी त्यांवर अवलंबून असतात. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनामुळे मृत्यू झाल्यासही कुटुंबाला दोन लाख रुपयांच्या भरपाईची तरतूद आहे.

बँकेत काय बदलले

रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांबाबत सर्व बँकांसाठी समान निर्देश जारी केले आणि अंमलबजावणीसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यांनुसार सर्व आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढावयाचा आहे. बँकेकडून उशीर झाल्यास ठेवीच्या रकमेवर बँक दराहून चार टक्के अधिक दराने भरपाई द्यावी लागते. लॉकरच्या बाबतीत ही भरपाई दिवसाला पाच हजार रुपये आहे.

खात्यावर नामनिर्देशन असेल किंवा संयुक्त खात्यात हयात खातेदारास रक्कम देण्याची अट असेल, तर रक्कम कितीही असली तरी बँक न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा क्षतिपूर्ती बंधपत्र मागू शकत नाही. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि दावेदाराचे ओळखपत्र एवढेच पुरेसे आहे. नामनिर्देशन नसल्यास १५ लाख रुपयांपर्यंत, आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत, सोपी पद्धत लागू होते. तीत दावेदारांचे बंधपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत घेतली जाते, मात्र त्रयस्थ जामीनदार आणण्याची सक्ती करता येत नाही. मुदत ठेव मुदतीआधी मोडावी लागली तरी दंड आकारला जात नाही.

या तरतुदी माहीत असणे महत्त्वाचे आहे, कारण शाखेतील कर्मचारी जुन्या सवयीने अधिक कागद मागण्याची शक्यता असते. अशा वेळी मागणी लेखी घ्यावी आणि दावा अर्जाची पोच मागावी. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

याच टप्प्यावर एक चूक अनेक घरांत घडते. अंत्यविधी आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी मृत व्यक्तीच्या कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे काढले जातात. हेतू प्रामाणिक असला तरी खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही, आणि इतर वारसांनी हरकत घेतल्यास हा व्यवहार वादाचे मूळ ठरतो. निवृत्तिवेतन जमा होत असलेल्या खात्याबाबत तर अधिक दक्षता हवी. मृत्यूनंतर जमा झालेले निवृत्तिवेतन परत करावे लागते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज मात्र लगेच करावा. मृत व्यक्तीचा मोबाइल क्रमांक दावे पूर्ण होईपर्यंत बंद न करणे हिताचे ठरते, कारण विमा, म्युच्युअल फंड आणि कर्ज यांसंबंधीचे संदेश त्याच क्रमांकावर येत राहतात आणि विस्मृतीत गेलेल्या गुंतवणुकीचा माग त्यांतूनच लागतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नियम सुलभ होत असताना एक गैरसमज मात्र अधिक घट्ट होण्याची भीती आहे. बँकिंग कायद्यांतील दुरुस्तीनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीत लिहिता येतो, किंवा एकाच्या पश्चात दुसरा असा क्रम लावता येतो. लॉकरसाठी केवळ क्रमवार नामनिर्देशनाची सोय आहे.

टक्केवारी लिहिली की वाटणी झाली, असा सर्वसामान्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. कायदा तसे म्हणत नाही. नामनिर्देशन म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती दिले की तिची जबाबदारी संपते, एवढेच ठरवणारी सोय आहे. त्या पैशावर अंतिम हक्क कोणाचा, हे मृत्युपत्र किंवा मृत्युपत्र नसल्यास वारसा कायदा ठरवतो. सरबती देवी प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका सातत्याने घेतली आहे. मुंबईतील साळगावकर कुटुंबाच्या शेअर व म्युच्युअल फंडांवरील वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी दिलेल्या निकालातही न्यायालयाने हेच स्पष्ट केले की, कंपनी कायद्यातील नामनिर्देशन हा वारशाचा स्वतंत्र मार्ग नाही. नामनिर्देशित व्यक्ती विश्वस्तासारखी रक्कम स्वीकारते आणि वारसांना देणे लागते.

जीवन विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असल्यास त्यांना लाभाचा हक्क दिला. मात्र या तरतुदीच्या व्याप्तीबाबत उच्च न्यायालयांत एकमत नाही. भविष्य निर्वाह निधीत विवाहापूर्वी, म्हणजे कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन विवाहानंतर रद्द ठरते. अनेक तरुण कर्मचाऱ्यांच्या नोंदीत आजही लग्नाआधी लिहिलेले आईचे किंवा भावाचे नाव कायम असते.

वाद बहुधा येथेच पेटतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या श्रेणीतील वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्या बरोबरीने त्याच्या आईचाही समान वाटा असतो. पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणून सासूला काही नाही, किंवा भावाचे नाव आहे म्हणून विधवेला काही नाही, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. विवाहित मुलीकडून गृहीत धरून घेतलेली ‘हक्कसोड’ हाही याच गैरसमजाचा भाग आहे. दुःखाच्या दिवसांत, अर्थ न समजता केलेली सही पुढे मागे घेणे कठीण असते. त्यामुळे सर्व मालमत्तेची यादी समोर येईपर्यंत कोणीही हक्क सोडण्याच्या कागदावर सही करू नये.

वारस कोण, हे सांगणारा कागद

वारसा सिद्ध करणाऱ्या कागदाचे नाव आणि तो देणारे कार्यालय राज्यागणिक बदलते. महाराष्ट्रात वारस दाखला दिवाणी न्यायालयाकडून मिळतो आणि त्याचा आधार १८२७ चा मुंबई रेग्युलेशन हा इंग्रजकालीन नियम आहे. कर्नाटक आणि तमिळनाडूत तहसीलदार कार्यालय असे प्रमाणपत्र देते. दिल्लीत हयात कुटुंबीयांचे प्रमाणपत्र महसूल विभाग देतो. बँक ठेवी, शेअर, रोखे अशा येण्यांसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र सर्वत्र चालते, मात्र त्याला शुल्क, जाहीर नोटीस आणि वेळ लागतो. ते स्थावर मालमत्तेसाठी नसते.

गोव्यातील कुटुंबांची पद्धत आणखी वेगळी आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे तेथे विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर अर्धा हिस्सा हयात जोडीदाराचा राहतो आणि वाटणी उरलेल्या अर्ध्याची होते. त्यासाठी २०१२ च्या गोवा वारसा कायद्यानुसार ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रिया केली जाते.

न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर महिलांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. विधवा महिलांसाठी ही तरतूद सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी आहे.

मागितल्याशिवाय न मिळणारे हक्क

शासकीय आणि निमशासकीय योजनांतील बहुतेक लाभ आपोआप मिळत नाहीत. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. हप्ता खात्यातून परस्पर वळता होत असल्याने घरच्यांना योजनेची कल्पना नसते. मृत व्यक्तीच्या पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस किंवा १ जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये वजा झाल्याची नोंद असेल, तर बँकेत तातडीने विमा दाव्याची चौकशी करावी. पासबुक भरून घेणे हे त्यामुळे पहिल्या आठवड्यातील काम आहे.

संघटित क्षेत्रातील कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास भविष्य निर्वाह निधीच्या शिलकेखेरीज ठेव-संलग्न विम्याचे सात लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. या विम्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही, म्हणून त्याची माहिती घरी पोहोचत नाही. निवृत्तिवेतन योजनेत एक महिन्याचे अंशदान असले तरी विधवेला मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. ग्रॅच्युइटीसाठी असलेली पाच वर्षांच्या सेवेची अट मृत्यूच्या प्रसंगी लागू होत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराच्या अंत्यसंस्कारासाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे.

खासगी विम्यात, चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा १५ दिवसांत निकाली काढण्याचे बंधन आहे. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली असतील, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी ती अमान्य करू शकत नाही.

कर्जाच्या बाबतीतही घाई नको. मृत व्यक्तीचे देणे वारसांवर येते ते मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच. वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तर गोष्ट वेगळी. हप्ते पुढे चालू ठेवण्यापूर्वी कर्जाला विमा जोडलेला होता का, हे बँकेला लेखी विचारावे.

जमीन, घर आणि वाहन

महाराष्ट्रात शेतजमिनीचा धारक गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची खबर महसूल यंत्रणेला द्यावयाची असते. प्रत्यक्षात आजोबांच्या नावावरचा सातबारा नातवाच्या काळापर्यंत तसाच राहतो. परिणामी पीककर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला सारेच अडते. ही स्थिती लक्षात घेऊन राज्य सरकारने २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातून सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली. परराज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे, कारण गावच्या जमिनीवर नाव लागण्याचे राहून गेले की पुढील पिढीला आपला हिस्सा शोधणेही अवघड होते. मात्र फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेबाबत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंत तात्पुरती सदस्य असते. तेथेही नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेच सूत्र लागू आहे. वाहनाच्या बाबतीत मृत्यूची माहिती परिवहन कार्यालयास ३० दिवसांत देऊन तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. मधल्या काळात वाहन रस्त्यावर असेल, तर विमा कंपनीलाही कळवणे आवश्यक आहे.

प्राप्तिकराची जबाबदारीही संपत नाही. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर प्रतिनिधीने भरावयाचे असते, आणि देय कर असो वा परतावा, तोच त्याचा निपटारा करतो. त्यामुळे पॅन लगेच रद्द करणे योग्य नव्हे. सर्व दावे आणि विवरणपत्रे पूर्ण झाल्यावर ते परत करावे.

एकदाच सांगण्याची सोय हवी

आधार प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये कुटुंबातील मृत्यू कळवण्याची सोय आपल्या संकेतस्थळावर सुरू केली आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत दोन कोटींहून अधिक मृत व्यक्तींचे आधार क्रमांक निष्क्रिय केले. निवडणूक आयोगानेही मृत्यू नोंदणीची माहिती थेट घेण्याचा निर्णय जाहीर केला आहे. म्हणजेच लाभ थांबवण्यासाठी आणि नावे वगळण्यासाठी शासकीय नोंदी एकमेकींशी बोलू लागल्या आहेत. तीच जोडणी देणे देण्यासाठी अद्याप झालेली नाही. मृत व्यक्तीचा आधार क्रमांक बंद झाल्याचे यंत्रणेला समजते, पण त्याच आधारला जोडलेल्या खात्यात दोन लाखांचा विमा होता, हे विधवेला कोणी कळवत नाही. हक्क संपल्याची खबर जितक्या तत्परतेने पोहोचते, तितक्याच तत्परतेने हक्क सुरू झाल्याची खबर पोहोचणे, हा सुधारणेचा पुढचा टप्पा असायला हवा.

हरवलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’, तर म्युच्युअल फंडांसाठी ‘मित्र’ ही संकेतस्थळे आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकारने दावेदाराविना पडून असलेल्या रकमा परत करण्यासाठी देशव्यापी मोहीमही घेतली. मात्र शोध घेण्यासाठी किमान काय शोधायचे, हे कुटुंबाला माहीत असावे लागते.

ते माहीत होण्याचा उपाय साधा आहे आणि तो हयातीतच करावा लागतो. बँक खाती, विमा, भविष्य निर्वाह निधी, गुंतवणूक, कर्ज, लॉकर आणि जमिनीचे गट क्रमांक यांची एका कागदावरची यादी घरातील दोन व्यक्तींना ठाऊक असावी. नामनिर्देशन अद्ययावत असावे आणि त्याच्याशी सुसंगत मृत्युपत्र असावे. मृत्युपत्रासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सुज्ञ स्थितीत केलेली सही आणि दोन साक्षीदार पुरेसे असतात. घरात हा विषय काढणे अशुभ मानले जाते. त्या संकोचाची किंमत मात्र मागे राहिलेल्यांना, बहुतेक वेळा घरातील स्त्रीला, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून मोजावी लागते.